पोप आणि सम्राट यांच्यामधला माणूस : हेर्मान फॉन झाल्त्सा

इतिहासाच्या ग्रंथांत राजे आणि सेनापती ठळक अक्षरांत येतात. दोन दरबारांमध्ये खेपा घालणारा वकील मात्र बहुधा तळटीपेत राहतो. तह झाला की त्यावर मोहोर उमटते ती राजाची आणि तह मोडला की दोष येतो तो वकिलाच्या माथी. मराठेशाहीचा पत्रव्यवहार ज्यांनी चाळला आहे त्यांना ही गोष्ट नवी नाही. मध्ययुगीन युरोपच्या इतिहासात अशा वकिली पेशाचा एक असामान्य पुरुष होऊन गेला. तो स्वतः एका लढाऊ धर्मसंघाचा प्रमुख होता, तरी त्याची खरी कीर्ती तलवारीवर उभी नाही. परस्परांचे हाडवैरी असलेल्या दोन सत्ताधीशांचा विश्वास त्याने सुमारे वीस वर्षे एकाच वेळी टिकवून धरला, हा त्याचा पराक्रम होय. त्याचे नाव हेर्मान फॉन झाल्त्सा. ट्यूटॉनिक संघ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघटनेचा तो चौथा संघप्रमुख. ज्या काळात देवगिरीला यादव सिंघणाची सत्ता स्थिरावत होती, त्याच काळात हा पुरुष इटली, जर्मनी आणि पॅलेस्टाइन यांच्या दरम्यान अखंड प्रवास करीत होता.

हेर्मानचा जन्म बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात झाला. झाल्त्सा हे त्याच्या घराण्याचे गाव. आज ते लांगेनझाल्त्सा या नावाने ओळखले जाते. हे घराणे सरदारी पेशाचे असले तरी कुलीन उमरावांत त्याची गणना होत नसे. त्या काळच्या जर्मनीत राजाच्या किंवा मोठ्या मांडलिकाच्या पदरी राहून घोड्यावर बसणारा, गढी सांभाळणारा, पण कायद्याने पूर्णतः स्वतंत्र नसलेला असा एक सेवक-सरदारांचा वर्ग होता. झाल्त्साचे घराणे थुरिंगियाच्या अधिपतींच्या पदरी असलेल्या याच वर्गातले. स्वामीची मर्जी ओळखणे, स्वतः मागे राहून काम तडीस नेणे आणि शब्द जपून वापरणे हे या वर्गाच्या अंगवळणी पडलेले गुण होते. पुढे सम्राटाच्या आणि पोपच्या पंक्तीला बसण्याचा मान ज्याला मिळाला, तो पुरुष अशा घरातून आलेला होता, हे लक्षात ठेवले म्हणजे त्याच्या स्वभावाची किल्ली हाती येते.

ज्या संघाचे नेतृत्व त्याच्याकडे आले त्या संघाचा उगमही तितकाच साधा होता. सन ११९० मध्ये तिसऱ्या धर्मयुद्धाच्या वेळी ख्रिस्ती सैन्याने पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील आक्र या बंदराला वेढा घातला होता. तेथे रोगराईने आणि जखमांनी तळमळणाऱ्या जर्मन सैनिकांची विचारपूस करणारे कोणी नव्हते. ल्यूबेक आणि ब्रेमेन या शहरांतील व्यापाऱ्यांनी आपल्या गलबताचे शीड उतरवून त्याचा तंबू उभारला आणि त्याखाली शुश्रूषा सुरू केली. या शिडाखालच्या रुग्णालयातून पुढे संघ जन्मास आला. सन ११९८ मध्ये त्याला लढाऊ संघाचे रूप देण्यात आले आणि पुढल्याच वर्षी पोप इनोसंट तिसरा याने त्यास मान्यता दिली. सभासदांनी अपरिग्रह, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घ्यायची, रुग्णसेवा हॉस्पिटलर संघाच्या नियमांप्रमाणे करायची आणि युद्ध टेम्पलर संघाच्या नियमांप्रमाणे करायचे, अशी घडी बसवली गेली. अंगावर पांढरा झगा आणि त्यावर काळा क्रूस ही त्यांची खूण ठरली.

सन १२०९ च्या सुमारास हेर्मान संघप्रमुख झाला तेव्हा संघाची अवस्था केविलवाणी होती. टेम्पलर आणि हॉस्पिटलर या दोन जुन्या, धनाढ्य संघांपुढे या जर्मन संघाला कोणी विचारीत नसे. संघाच्या एका बखरकाराने पुढे चौदाव्या शतकात एक कथा नोंदवून ठेवली आहे. आपल्या संघात हत्यारबंद असे नुसते दहा सरदार असते तर त्यापायी आपण एक डोळासुद्धा देऊ केला असता, असे हेर्मान सुरुवातीच्या दिवसांत बोलून दाखवीत असे. कथा बखरीतली आहे, त्यामुळे तिला थोडी अतिशयोक्ती चिकटलेली असणारच. परंतु संघाच्या दैन्याची आणि संघप्रमुखाच्या आकांक्षेची कल्पना तीवरून उत्तम येते.

कारकिर्दीच्या आरंभीच त्याला एक कडवट धडा मिळाला. हंगेरीचा राजा अँड्र्यू दुसरा याच्या राज्याला पूर्वेकडून कुमान नावाच्या भटक्या टोळ्यांचा उपद्रव होत असे. त्याने सन १२११ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातील बुर्त्सेनलांट हा सीमेवरचा मुलूख संघाला तोडून दिला. संघाने तेथे गढ्या बांधल्या, जर्मन शेतकरी आणून वसवले, ओसाड जमीन लागवडीखाली आणली. आजच्या रुमानियातील ब्राशोव्ह शहराच्या परिसराची वसाहत त्याच काळातली. परंतु मुलूख नांदता झाला तसे संघाला राजाच्या अधिकाराचे ओझे वाटू लागले. सन १२२४ मध्ये तो प्रदेश थेट पोपच्या छत्राखाली घेतला गेला. राजाने त्याचा अर्थ ओळखला आणि पुढच्याच वर्षी, सन १२२५ मध्ये, सैन्य पाठवून संघाला मुलखाबाहेर घालवून दिले. चौदा वर्षांची मेहनत मातीमोल झाली. पोपचे निषेधाचे खलिते उपयोगी पडले नाहीत. परक्याच्या भूमीवर केवळ मेहनतीने हक्क सिद्ध होत नाही. पाऊल टाकण्यापूर्वीच सनद पक्की करावी लागते, हे हेर्मानने मनावर कोरून ठेवले. त्याचे परिणाम पुढे फार दूरवर पोहोचणार होते.

दरम्यान पाचवे धर्मयुद्ध सुरू झाले होते. इजिप्त ताब्यात आल्याखेरीज जेरुसलेम टिकणार नाही, या विचाराने ख्रिस्ती सैन्य सन १२१८ मध्ये नाईलच्या मुखाशी असलेल्या डॅमिएटा शहरावर चालून गेले. या मोहिमेत हेर्मान आपल्या सरदारांसह सामील होता. दीर्घ वेढ्यानंतर सन १२१९ च्या नोव्हेंबरात शहर पडले. इजिप्तचा सुलतान अल्-कामिल हा समंजस राज्यकर्ता होता. ख्रिस्ती सैन्याने इजिप्त सोडून जावे, त्याच्या बदल्यात जेरुसलेम परत देण्यात येईल, असा प्रस्ताव त्याने मांडला होता. जेरुसलेमच्या नामधारी गादीवरील जॉन द ब्रिएन आणि जर्मन सरदार यांचा कल तो स्वीकारण्याकडे होता. परंतु पोपचा प्रतिनिधी पेलाजियस याने तडजोड नाकारली. पुढे सन १२२१ मध्ये कैरोकडे निघालेले सैन्य नाईलच्या पुरात आणि शत्रूच्या कोंडीत सापडले, शरण आले आणि डॅमिएटाही सोडून द्यावे लागले. जे बोलणी करून पदरात पडणार होते ते हट्टापायी गमावले गेले. दहा वर्षांनी याच सुलतानाशी हेर्मानच्या साक्षीने जो तह झाला, त्याचे बीज या पराभवात शोधावे लागते.

या पराभवाने संघ मात्र खचला नाही. मोहिमेत जर्मन सरदारांनी संघाचे शौर्य पाहिले होते आणि देणग्यांचा ओघ सुरू झाला होता. पोप होनोरियस तिसरा याच्याकडून हेर्मानने एकामागून एक अशा शंभराहून अधिक सनदा मिळवल्या आणि आपला संघ टेम्पलर व हॉस्पिटलर यांच्या बरोबरीस आणून बसवला. पांढरा झगा हा केवळ आपला मान आहे, असा टेम्पलरांचा दावा होता. त्या वादातही निकाल जर्मन संघाच्या बाजूने लागला. गॅलिलीच्या डोंगरात जमीन विकत घेऊन माँफोर्ट नावाचा किल्ला बांधण्यात आला आणि संघाचे दफ्तर व खजिना तेथे हलवण्यात आला.

हेर्मानच्या आयुष्यातील मुख्य अध्याय सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्याशी निगडित आहे. होहेनस्टाउफेन घराण्यातील हा सम्राट त्या शतकातील विलक्षण व्यक्ती होता. सिसिलीत वाढलेला, अनेक भाषा जाणणारा, अरबी विद्वानांशी तत्त्वचर्चा करणारा, ससाण्यांच्या शिकारीवर शास्त्रीय ग्रंथ लिहिणारा आणि स्वभावाने तितकाच हट्टी व संशयी. जर्मनी आणि दक्षिण इटली ही दोन्ही राज्ये एकाच्याच हाती आल्यामुळे मधल्या रोमला आपला श्वास कोंडल्यासारखा वाटे. पोप आणि सम्राट यांच्यातील वैराचे खरे मूळ या भूगोलात होते. धर्माची कारणे त्यावर चढवलेली होती. सन १२१६ मध्ये न्यूरेंबर्ग येथे हेर्मान आणि फ्रेडरिक यांची गाठ पडली आणि थोड्याच वर्षांत तो सम्राटाच्या अंतरंगातील सल्लागार झाला. नवल हे, की त्याच वेळी रोमच्या दरबारातही त्याच्या शब्दाला वजन होते. तो सम्राटाचा हस्तक आहे असे पोपला वाटले नाही आणि तो पोपचा हेर आहे असा संशय सम्राटाला आला नाही.

सन १२२५ च्या जुलैत सान जेर्मानो येथे झालेल्या करारात या विश्वासाची प्रचीती येते. सन १२२७ च्या ऑगस्टपर्यंत आपण धर्मयुद्धासाठी प्रस्थान ठेवू, असे फ्रेडरिकने वचन दिले. तारण म्हणून १,००,००० औंस सोने हप्त्याहप्त्याने ठेवायचे आणि वचन मोडल्यास ते धर्मयुद्धाच्या कामी जप्त व्हायचे, असे ठरले. हे सोने ज्यांच्या हाती सोपवायचे होते त्यांत जॉन द ब्रिएन आणि जेरुसलेमचा धर्मगुरू यांच्याबरोबर हेर्मानचे नाव होते. एवढ्या मोठ्या ठेवीसाठी दोन्ही पक्षांना मान्य होईल असा माणूस शोधणे मुळीच सोपे नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस जेरुसलेमच्या गादीची वारस इझाबेला हिच्याशी सम्राटाचा विवाह झाला. हा संबंध जुळवण्यातही हेर्मानचा मोठा वाटा होता.

ठरल्याप्रमाणे सन १२२७ मध्ये ब्रिंदिसी बंदरातून आरमार निघाले. पण सैन्यात साथ पसरली होती. थुरिंगियाचा अधिपती लुडविग चौथा, म्हणजे हेर्मानच्या मूळ स्वामिघराण्याचा प्रमुख, ओत्रांतो येथे मरण पावला. सम्राटही आजारी पडून माघारी फिरला. होनोरियसनंतर गादीवर आलेला पोप ग्रेगरी नववा हा करारी आणि तापट होता. त्याने आजाराची सबब मानली नाही आणि फ्रेडरिकला धर्मबहिष्कृत केले. बहिष्कृत माणसाने धर्मयुद्धाला जाणे हा तर अधर्मच. तरीही फ्रेडरिक सन १२२८ च्या उन्हाळ्यात निघाला. पुढे गेलेला हेर्मान पॅलेस्टाइनमध्ये होताच. बहिष्कृताची आज्ञा पाळण्यास टेम्पलर आणि हॉस्पिटलर यांनी साफ नकार दिला. अखेर आज्ञा सम्राटाच्या नावाने न काढता देवाच्या आणि ख्रिस्ती धर्माच्या नावाने काढाव्यात, अशी तोड निघाली आणि सैन्य कसेबसे एकत्र चालू लागले. या सबंध काळात सम्राटाच्या पाठीशी ठामपणे उभा राहिलेला संघ एकच, आणि तो म्हणजे हेर्मानचा.

इकडे अल्-कामिल आपल्या भाऊबंदकीत गुंतला होता. दमास्कस घेण्यासाठी त्याला हात मोकळे हवे होते. फ्रेडरिकपाशी मोठे सैन्य नव्हते आणि इटलीत पोपच्या फौजा त्याच्या राज्यात शिरत असल्याच्या वार्ता येत होत्या. दोघांनाही युद्ध नको होते. सन १२२९ च्या १८ फेब्रुवारीला याफा येथील तह झाला. जेरुसलेम, बेथलहेम आणि नाझरेथ ख्रिस्त्यांकडे आले. जेरुसलेममधील अल्-अक्सा आणि घुमटाच्या वास्तूचा पवित्र परिसर मुसलमानांकडेच राहिला. आणि दहा वर्षांचा तहकुबीचा करार झाला. मोठी लढाई न होता जेरुसलेम हाती आले. तलवारीने जे दोन धर्मयुद्धांना साधले नव्हते ते बोलण्याने साधले. तरीही दोन्हीकडचे कडवे लोक संतापले. सुलतानाने पवित्र नगरी विकली असे एकीकडे म्हटले गेले, तर रक्त न सांडता मिळालेला विजय हा विजयच नव्हे, असे दुसरीकडे.

१७ मार्च १२२९ रोजी सम्राट जेरुसलेममध्ये दाखल झाला. दुसऱ्या दिवशी रविवारी पवित्र थडग्याच्या मंदिरात राजमुकुट धारण करण्याचा प्रसंग होता. काही जणांचा आग्रह होता की सम्राटाने आता तेथे धार्मिक विधीही करवून घ्यावा. हेर्मानने त्यास विरोध केला. बहिष्कृताच्या उपस्थितीत पूजा झाली असती तर पोपशी समेटाची उरलीसुरली वाटही बंद झाली असती. सम्राटाने त्याचे ऐकले. विधीवाचून फ्रेडरिकने स्वतःच्या हाताने मुकुट उचलून मस्तकावर ठेवला आणि त्यानंतर हेर्मानने सम्राटाच्या वतीने निवेदन वाचून दाखवले. त्यात पोपवर आग पाखडलेली नव्हती. पोपला खरी परिस्थिती ठाऊक नसावी, अशी पडती बाजू घेतलेली होती. विजयाच्या क्षणी जीभ आवरण्याचे शहाणपण सम्राटापाशी फारसे नव्हते. त्या दिवशी ते हेर्मानने पुरवले. तरीही धर्मगुरूंच्या आज्ञेने जेरुसलेम नगरीवरच धार्मिक विधींची बंदी जाहीर झाली. मे महिन्याच्या पहिल्या तारखेस फ्रेडरिक आक्र बंदरातून परत निघाला तेव्हा खाटकांच्या आळीतील लोकांनी त्याच्यावर घाण फेकली.

इटलीत परतल्यावर सम्राटाने पोपच्या फौजा हुसकावून लावल्या. पण पोपच्या राज्यात तो शिरला नाही. आता हेर्मानच्या खेपा सुरू झाल्या. जवळपास वर्षभर तो दोन्ही बाजूंकडे जात-येत राहिला. कोणता शब्द कोणाला लागेल, कोणती अट आधी मांडावी आणि कोणती शेवटी, हे त्याला नेमके उमगत असे. सन १२३० च्या जुलैत सान जेर्मानो येथे तह झाला आणि ऑगस्टअखेर बहिष्कार मागे घेण्यात आला. १ सप्टेंबर १२३० रोजी अनान्यी येथे पोपच्या घरी पोप आणि सम्राट एकत्र जेवायला बसले. त्या दालनात तिसरा माणूस एकच होता, तो म्हणजे हेर्मान फॉन झाल्त्सा. सेवक-सरदारांच्या घरात जन्मलेल्या या पुरुषाच्या आयुष्यातील हा परमोच्च क्षण मानावा लागेल.

परंतु चरित्रकाराला येथे थांबता येत नाही. कारण याच काळात, दक्षिणेत शांततेची बोलणी करणारा हा माणूस उत्तरेत एका दीर्घ आणि निष्ठुर युद्धाची उभारणी करीत होता.

पोलंडमधील माझोव्हियाचा अधिपती कॉनराड याच्या सीमेला लागून, बाल्टिक समुद्राच्या काठी प्रशियन नावाचे लोक राहत असत. पुढे ज्यांना जगाने प्रशियन म्हणून ओळखले ते जर्मन लोक हे नव्हेत. हे मूळचे रहिवासी बाल्टिक वंशाचे, लिथुएनियन लोकांचे भाऊबंद आणि निसर्गदेवतांची उपासना करणारे होते. त्यांच्याशी चाललेल्या चकमकींनी जेरीस येऊन कॉनराडने सन १२२५-२६ च्या सुमारास जर्मन संघाला बोलावले आणि खेल्म्नोचा प्रदेश देऊ केला. हंगेरीचा धडा हेर्मान विसरला नव्हता. त्याने आधी सनद मिळवली. सन १२२६ ची तारीख असलेल्या रिमिनीच्या सुवर्णमुद्रित सनदेने सम्राटाने खेल्म्नोच नव्हे, तर पुढे जिंकला जाईल तो सगळा प्रशियन मुलूख संघाला दिला आणि संघप्रमुखाला साम्राज्यातील राजपुरुषांच्या तोडीचे अधिकार बहाल केले. पुढे सन १२३४ मध्ये पोप ग्रेगरी याने रिएती येथून तोच प्रदेश संत पीटरची मालमत्ता म्हणून जाहीर करून कायमचा संघाकडे सोपवला. एकच भूमी, आणि तिच्यासाठी सम्राटाची सनद वेगळी, पोपची वेगळी! दोघांचाही विश्वास असल्याखेरीज हे घडते ना. ज्यांची ती भूमी होती त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते.

मोहिमेचे काम हेर्मानने आपला सहकारी हेर्मान बाल्क याच्यावर सोपवले. सन १२३१ मध्ये व्हिस्चुला नदीच्या काठी तोरुन्य, पुढच्या वर्षी खेल्म्नो, आणि सन १२३७ मध्ये एल्बिंग अशी ठाणी उभी राहिली. एकेक ठाणे, त्याच्या आश्रयाने एकेक शहर, शहराभोवती बाहेरून आणलेले शेतकरी, अशी ही पद्धत होती. २८ डिसेंबर १२३३ रोजी दोन्ही हेर्मानांच्या नावाने खेल्म्नो आणि तोरुन्य या शहरांसाठी जी सनद निघाली, तिने नगरवासीयांना आपला न्यायाधीश निवडण्याचा हक्क दिला. पुढे त्या भागातील कित्येक गावांची व्यवस्था याच नमुन्यावर बसवली गेली. कारभाराची ही दृष्टी निःसंशय मोठी होती. सन १२३७ मध्ये लिव्होनियातील पराभवाने मोडकळीस आलेला तलवारबंधूंचा संघही पोपच्या आज्ञेने याच संघात विलीन करण्यात आला आणि संघाची सत्ता बाल्टिकच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचली.

या विजयाची किंमत मूळ प्रशियनांनी मोजली. हेर्मानच्या मृत्यूनंतर त्यांनी पुनःपुन्हा उठाव केले. सन १२६० ला पेटलेला मोठा उठाव दीड दशक धुमसत होता. सन १२८३ च्या सुमारास मुलूख पुरता जिंकला गेला. पुढे काही शतकांत त्या लोकांची स्वतंत्र ओळख पुसली गेली आणि अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांची भाषा बोलणारे शेवटचे तोंडही मिटले. एल्बिंग येथे नोंदलेली सुमारे ८०० शब्दांची एक यादी, सोळाव्या शतकातील तीन छोट्या धर्मप्रश्नोत्तरी आणि काही किरकोळ अवशेष, एवढेच त्या भाषेचे उरले आहे. त्या यादीत ईश्वराला देइविस असा शब्द आहे. संस्कृत देव शब्दाशी त्याचे नाते भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन ओळखू येते. इंडो-युरोपीय कुळातील एक बहीण अशी नाहीशी झाली. कोणत्याही ग्रंथालयाच्या कपाटात तिचे नाव केवळ कोशात सापडते. हेर्मानने हे योजले होते असे म्हणता येणार नाही. पण ज्या सनदांनी हे शक्य झाले त्या त्यानेच मिळवलेल्या होत्या.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्याच्या मध्यस्थीला यशही आले आणि अपयशही. सन १२३४ मध्ये फ्रेडरिकचा मुलगा, जर्मनीचा राजा हेन्री, बापाविरुद्ध उठला. लढाई न होता पुत्राने शरण यावे यासाठी हेर्मानने बोलणी केली आणि सन १२३५ मध्ये हेन्री पित्यापुढे नमला. रक्तपात टळला; परंतु पित्याने त्याला क्षमा केली नाही आणि सन १२४२ मध्ये तो कैदेतच मरण पावला. याच सुमारास मारबुर्ग येथे रुग्णसेवेत देह झिजवलेल्या थुरिंगियाच्या एलिझाबेथला, म्हणजे ओत्रांतो येथे वारलेल्या लुडविगच्या विधवेला, संतपद मिळाले. तिने उभारलेले रुग्णालय संघाकडे आले आणि तिचा दीर कॉनराड संघात दाखल झाला. शिडाखालच्या रुग्णालयाचा वारसा संघ तलवारीच्या धांदलीतही अगदीच विसरला नव्हता, याची ही खूण.

उत्तर इटलीतील लोंबार्डीच्या नगरांचा प्रश्न मात्र सुटला नाही. सम्राटाला त्या नगरांची संपूर्ण शरणागती हवी होती. ती नगरे पडली तर आपण दोन्ही बाजूंनी वेढले जाऊ, ही पोपची भीती होती. हेर्मान पुन्हा वाटेला लागला. नोव्हेंबर १२३७ मध्ये कोर्तेनुओव्हा येथे सम्राटाने लोंबार्डांचा दणदणीत पराभव केला आणि त्या विजयानेच तडजोडीची दारे लावली. विजयी माणूस बिनशर्त शरणागतीखेरीज काही ऐकेना. इतकी वर्षे ज्या सल्ल्याने त्याला सावरले होते तो सल्ला आता कानांपर्यंत पोहोचत नव्हता. शिवाय सल्ला देणाराही थकला होता. आयुष्यभर घोड्याच्या पाठीवर आणि गलबताच्या फळीवर काढलेले शरीर साथ देईना. सन १२३८ मध्ये तो उपचारासाठी सालेर्नोला गेला. वैद्यकाच्या विद्यापीठासाठी हे नगर सबंध युरोपात ख्यातनाम होते.

२० मार्च १२३९ रोजी, ईस्टरपूर्वीच्या रविवारी, सालेर्नो येथे हेर्मान फॉन झाल्त्सा मरण पावला. त्याच दिवशी पोप ग्रेगरीने फ्रेडरिकवर दुसऱ्यांदा धर्मबहिष्कार घातला. सालेर्नोची वार्ता रोमला पोहोचण्यापूर्वीच दोरी तुटली होती. परंपरेप्रमाणे त्याला बार्लेत्ता येथे संघाच्या मंदिरात मूठमाती देण्यात आली.

त्याच्यानंतर संघप्रमुख झालेल्या थुरिंगियाच्या कॉनराडने समेटाचा प्रयत्न करून पाहिला. पण सन १२४० मध्ये तोही वारला. पोप आणि सम्राट यांचे वैर फ्रेडरिकच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सन १२५० पर्यंत, शमले नाही आणि त्यात होहेनस्टाउफेन घराणे पुढे धुळीस मिळाले. बोलण्याने मिळालेले जेरुसलेम सन १२४४ मध्ये पुन्हा गेले. माँफोर्ट सन १२७१ मध्ये आणि आक्र सन १२९१ मध्ये पडले. पॅलेस्टाइनमधील सगळे असे विरून गेले. उरला तो उत्तरेचा मुलूख. सन १३०९ मध्ये संघाची राजधानी मारिएनबुर्गला गेली. सन १४१० मध्ये ग्रुनवाल्डच्या रणांगणावर पोलंड आणि लिथुएनिया यांनी संघाचे कंबरडे मोडले. सन १५२५ मध्ये संघप्रमुख आल्ब्रेख्त याने धर्मसंघ मोडून प्रशियाचे वंशपरंपरागत राज्य केले. त्या नावाचे राज्य पुढे युरोपातील बलाढ्य लष्करी सत्ता झाले आणि सन १९४७ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या आदेशाने कागदोपत्रीही संपले. विसाव्या शतकात नाझी राजवटीने सन १९३८ मध्ये ऑस्ट्रियातील हा संघ बरखास्त केला, आणि त्याच राजवटीने आपल्या एका रणगाडा पथकाला हेर्मान फॉन झाल्त्साचे नाव दिले. संघ गुंडाळायचा आणि नाव मात्र वापरायचे, असा हा व्यवहार. महायुद्धानंतर संघ पुन्हा उभा राहिला. आज त्याचे मुख्य ठाणे व्हिएन्ना येथे आहे आणि शस्त्राशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. धर्मोपदेश आणि रुग्णांची, वृद्धांची सेवा हे त्याचे काम आहे.

हेर्मानच्या जीवनाचा ताळेबंद मांडताना दोन्ही रकाने भरावे लागतात. संघाच्या बखरीप्रमाणे त्याच्या अखेरीस दोन हजारांवर सरदार संघात होते. दहा सरदारांसाठी डोळा देऊ करणाऱ्याची ही कमाई खरोखर डोळे दिपवणारी आहे. परंतु ज्या वर्षांत तो पोप आणि सम्राट यांना एका मेजावर आणण्यासाठी घोडे दमवीत होता, त्याच वर्षांत त्याच्या नावाच्या सनदा घेऊन व्हिस्चुलाकाठी ठाणी उभी राहत होती. ज्यांच्याशी बोलता येते अशांशी तो असीम धीराने बोलला. प्रशियनांशी मात्र कोणी बोलायला बसले नाही. त्यांच्या वतीने वकिली करणारा कोणी नव्हता. अनान्यीच्या दालनात तीन माणसे जेवायला बसली होती. ज्यांच्या भूमीची वाटणी त्या तिघांच्या मोहोरांनी झाली, ते लोक त्या वेळी शेकडो कोस दूर आपल्या नद्यांकाठी, आपल्याच भाषेत आपल्या देवाला हाक मारीत होते.